हिरवा दिवा लागला म्हणजे पाणी शुद्ध झालं का?



तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसलो होतो, तेव्हाची गोष्ट. आठवीतल्या एका मुलाने पाणी तपासायचं यंत्र केलं होतं. ग्लासात दोन तारा बुडवायच्या. टीडीएस ५०० च्या आत असेल तर हिरवा दिवा, वर गेला तर लाल दिवा आणि वर बझर. मुलगा धीट होता. म्हणाला, "सर, हिरवा लागला की पाणी शुद्ध. प्यायला हरकत नाही."

मी विचारलं, "आणि पाण्यात शिसं असेल तर?"

"मग टीडीएस वाढेल ना सर."

शेजारी उभे असलेले त्याचे शिक्षक मान डोलावत होते. मागे रांगेत इतर शाळांचे चार जण होते, वेळ कमी होता. मी "छान" म्हणालो, गुण दिले आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. त्याला दुसरा क्रमांक मिळाला.

घरी येताना गाडीवर मात्र चैन पडेना. त्या मुलाचं उत्तर चुकीचं होतं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. शिवाय घरोघरी, शाळाशाळांतून आपण मोठी माणसंही तेच उत्तर धरून बसलो आहोत. पाणी फिल्टर विकणारा येतो, पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि आपण मान डोलावतो. म्हणून हा लेख. विषय जरा रसायनशास्त्राचा आहे, पण घाबरू नका. आवळा, चहा आणि लिंबू एवढ्यावर आपलं काम भागणार आहे.

तांदळाचा एक दाणा

आधी हिशेब करू. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम. आर्सेनिकचीही ०.०१ मिलिग्रॅम. (आर्सेनिक हा खरं तर धातुसदृश, पण पाण्याच्या बाबतीत त्याला जड धातूंच्याच पंगतीत बसवतात.) आणि टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा आहे लिटरमागे ५०० मिलिग्रॅम.

मुलांना हे आकडे नुसते सांगितले तर डोक्यावरून जातात. मी असं सांगतो. शाळेच्या गच्चीवरची २००० लिटरची काळी टाकी डोळ्यासमोर आणा. तांदळाच्या एका दाण्याचं वजन साधारण २० मिलिग्रॅम धरा. त्या भरलेल्या टाकीत एका दाण्याएवढं शिसं विरघळलेलं असेल, तर आपण बरोबर मर्यादेवर आलो. दोन दाण्यांएवढं असेल तर दुप्पट. वर्गात पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, एक दाणा आणि एवढी मोठी टाकी?" हो, एवढंच.

आता टीडीएस मीटर बघा. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. आकडा पूर्णांकात: १८०, १८१, १८२. समजा शिसं मर्यादेच्या दहापट झालं, तरी ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच. मीटरवरचा शेवटचा अंकही त्याने हलणार नाही. म्हणजे हिरवा दिवा तसाच लागून राहणार. उलट बोअरचं पाणी नुसतं कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे ६०० दाखवेल आणि बझर वाजेल, पण त्यात विषारी धातू नसेलही.

मीटर खोटं बोलत नाही. त्याला जे विचारलंय त्याचं तो बरोबर उत्तर देतो. आपण त्याला दुसराच प्रश्न विचारतोय.

मग धातू दिसणार कसा?

शिसं पाण्यात विरघळलं की त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मग ओळखायचं कसं? याचं एक उत्तर आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यानपिढ्या पडून आहे.

लोखंडी विळीवर आवळा चिरा. थोड्या वेळात फोडी काळपट होतात, विळीचं पातंही काळं पडतं. आजी म्हणायची, "आवळा लोखंडाला लागला." आजीचं अगदी बरोबर होतं. आवळ्यात टॅनिनच्या जातीचे तुरट पदार्थ असतात. विळीचं थोडं लोह आवळ्याच्या आंबट रसात विरघळतं, त्याचे आयन टॅनिनला जाऊन चिकटतात आणि दोघांची मिळून जी नवी जोडी बनते ती निळसर काळी असते. हिरड्यापासून शाई करायचे, तिच्यामागचं रसायनही हेच.

म्हणजे आवळा हा लोहाचा सेन्सर झाला की! डोळ्याला न दिसणारा आयन त्याने पकडला आणि रंगाच्या भाषेत आपल्याला कळवला. रंग किंवा प्रकाश वापरून पाण्यातला पदार्थ ओळखणाऱ्या साधनांना प्रकाशीय रासायनिक संवेदक म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण ही जमात आपल्या ओळखीची आहे. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की तो लाल होतो. गावात पाणी सोडणारे दादा टीसीएल पावडर टाकल्यावर ओटी टेस्ट करतात, पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोचला असं समजतात. सगळी तीच कल्पना.

प्रयोगशाळेतल्या सेन्सरमध्ये दोन गडी असतात. एक पकडणारा आणि एक सांगणारा. पकडणाऱ्या रेणूची ठेवण अशी असते की विशिष्ट धातूचा आयन त्याच्या खोबणीत बसावा. तो बसला की सांगणाऱ्या भागाची रचना बदलते आणि रंग बदलतो. ऱ्होडामिन नावाच्या रंगद्रव्याचे काही प्रकार असे आहेत की मिटलेल्या छत्रीसारखे बंद असताना ते रंगहीन असतात. धातूचा आयन आला की छत्री उघडते आणि द्रावण गुलाबी होतं. काही सेन्सर रंग बदलत नाहीत, तर चमकायला लागतात किंवा चमकायचे थांबतात. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली नोटेवरचे धागे चमकतात ना, तशी ही चमक. तिला प्रतिदीप्ती म्हणतात.

सगळ्यात गंमत सोन्याची. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात सुटे तरंगत असतील तर पाणी माणकासारखं लाल दिसतं. तेच कण एकमेकांना चिकटून गोळा झाले की जांभळट निळं. डीएनएमधल्या थायमिन या घटकाची पाऱ्याच्या आयनाशी खास गट्टी असते. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मिरकिन यांच्या गटाने या दोन गोष्टी एकत्र आणल्या आणि २००७ मध्ये पारा ओळखायची रंगबदलाची पद्धत मांडली. दहावीच्या मुलांना हे सांगून बघा, डोळे मोठे होतात.

लिंबू पिळल्यावर

इथपर्यंत आपण बहुतेक सगळे विज्ञान शिक्षक जातो. रंग बदलला, टाळ्या झाल्या, तास संपला. माझं म्हणणं असं आहे की खरा धडा इथून पुढे सुरू होतो आणि तोच आपण गाळतो.

हा प्रयोग करून बघा. गंजलेले खिळे दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा आणि पाणी गाळून घ्या. दुसरीकडे बिनदुधाचा, बिनसाखरेचा फिका चहा करून गार करा. चहातही टॅनिन असतंच. आता पाच काचेचे ग्लास घ्या. पहिल्यात खिळ्यांचं पाणी दहा चमचे. दुसऱ्यात त्यातलं एक चमचा आणि नऊ चमचे साधं पाणी. तिसऱ्यात दुसऱ्यातलं एक चमचा आणि पुन्हा नऊ चमचे पाणी. असं पाचव्यापर्यंत जा. प्रत्येकात सारखाच चहा ओता. सहाव्या ग्लासात नुसतं साधं पाणी आणि चहा, तुलनेसाठी. पाच-दहा मिनिटं थांबा. (हे प्यायचं नाही, आणि हात धुवायचे, हे आधीच बजावून ठेवा.)

पहिला ग्लास काळा, पुढचे फिके होत जातात. चौथ्याच्या आसपास वर्गात भांडण सुरू होतं. "आहे काळं." "नाही रे, चहाच आहे तो." त्या भांडणात मुद्दाम पडू नका. थोडं चालू द्या. मग विचारा, "पाचव्या ग्लासात लोह आहे की नाही?" मुलांनी स्वतःच्या हाताने घातलंय, त्यामुळे आहे हे त्यांना माहीत असतं. पण डोळ्याला दिसत नाही. प्रत्येक तपासणीला एक तळ असतो, त्याच्याखालचं तिला दिसत नाही, हे मुलांना त्या दिवशी कळतं. व्याख्या लिहून देऊन ते कळलं नसतं.

आता काळ्या ग्लासात अर्धं लिंबू पिळा. काळा रंग उतरतो. मुलं ओरडतात, "लोखंड गेलं!"

"गेलं कुठे? ग्लास तर जागचा हललाही नाही."

लोह तिथेच आहे. लिंबातल्या सायट्रिक आम्लाने ते टॅनिनच्या हातातून काढून स्वतःकडे घेतलं, आणि आंबटपणा वाढल्यामुळे टॅनिनची पकडही सैल झाली. सेन्सर म्हणतोय "नाही" आणि पाणी म्हणतंय "आहे". माझ्या मते शाळेत मुलांनी पाहिलीच पाहिजे अशी ही गोष्ट आहे. एखाद्या तपासणीत काही दिसलं नाही म्हणजे ते पाण्यात नाही, असं होत नाही.

वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, मोबाइलवर काही मिनिटांत शिसं ओळखणारा सेन्सर तयार. संशोधन खरंच असतं. मग ती पट्टी दुकानात सहज का मिळत नाही? कारण प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात शिसं एकटं असतं. आपल्या बोअरच्या पाण्यात मात्र लिटरमागे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम सहज असतं. मर्यादेइतक्या शिशाच्या दहा हजार पट. जत्रेच्या गर्दीत एक माणूस शोधायचा, आणि त्याच्यासारखे दिसणारे इतरही आहेत. शिवाय पाणी गढूळ असतं, कुठे आंबट तर कुठे खारट असतं, उन्हात पडलेलं रसायन खराब होतं. ओटी टेस्टमध्येसुद्धा पाण्यात मँगनीज असेल तर क्लोरीन नसताना पिवळा रंग येऊ शकतो.

बांगलादेशचे लाल-हिरवे पंप

आपल्या वर्गातला हा चौथ्या ग्लासाचा वाद एका अख्ख्या देशात झालेला आहे, आणि तिथे पणाला लागलेली होती माणसं.

बांगलादेशात तळ्या-नद्यांच्या पाण्यामुळे कॉलरा, हगवण व्हायची. म्हणून १९७० च्या दशकापासून गावोगावी हातपंप बसवले गेले. पाणी नितळ, जंतू कमी. पण तिथल्या गाळाच्या जमिनीत नैसर्गिक आर्सेनिक होतं आणि ते पाण्यात उतरत होतं. नितळ पाण्यावर कुणी शंका घेतली नाही. सीमेच्या अलीकडे पश्चिम बंगालमध्ये डॉ. के. सी. साहा या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८३ च्या सुमारास रुग्णांच्या कातडीवरचे डाग पाहून आर्सेनिक ओळखलं. बांगलादेशात १९९३ मध्ये पाण्यात आर्सेनिक असल्याची खात्री झाली.

मग तपासणीची मोठी मोहीम निघाली. पद्धत रंगाचीच होती. पाण्यातल्या आर्सेनिकचं वायूत रूपांतर करायचं, तो वायू एका रसायन लावलेल्या कागदावर घ्यायचा, कागद पिवळा ते तपकिरी होतो. तो रंग तक्त्याशी डोळ्यांनी जुळवायचा. २००० नंतरच्या काही वर्षांत जवळपास ५० लाख पंप असे तपासले गेले. धोक्याचा पंप लाल रंगवला, चालेल तो हिरवा.

या साध्या रंगकामाने खूप लोक वाचले हे आधी मान्य करू. प्रत्येक पंपाचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवत बसले असते तर वर्षानुवर्षं गेली असती. लाल पंप सोडून शेजारच्या हिरव्या पंपावर जाणं हा अनेकांसाठी सगळ्यात लवकर हाती आलेला उपाय होता.

पण मर्यादेच्या आसपासच्या पाण्यात डोळ्यांची चूक व्हायची. काही लाल पंप हिरवे झाले, काही हिरवे लाल. दुसरं, तिथली सरकारी मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम होती, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीच्या पाचपट. म्हणजे ०.०४ चा पंपही हिरवाच. तिसरं, रंग उडून गेले, नवे पंप खोदले गेले आणि ते कुणी तपासलेच नाहीत. आणि ज्या वस्तीत सगळेच पंप लाल होते, तिथल्या बाईने पाणी आणायचं कुठून? कागदाचा रंग हे सांगू शकत नव्हता.

सेन्सर कितीही हुशार असला तरी तो फक्त खबर देतो. ती खबर कितपत खरी हे तपासणं आणि नंतर काही करणं हे माणसांचंच काम आहे.

शाळेने काय करावं

आपल्याकडे जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी किट वापरायला शिकवलंय. चांगलं काम आहे. पण या किटमध्ये सहसा पीएच, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्लोरीन अशा गोष्टी असतात. शिसं, कॅडमियम, पारा सहसा नसतात. "किटने तपासलं, सगळं ठीक" म्हणताना कशाकशाचं ठीक, हे विचारायची सवय लागली पाहिजे.

माझ्या सूचना साध्या आहेत.

१. वर्षातून एकदा शाळेच्या पिण्याच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि अर्जात धातूंची नावं लिहा: शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, पारा. नुसतं "पाणी तपासणी" लिहिलं तर नेहमीच्याच तपासण्या होतील. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत धातूंची सोय आहे का ते आधी विचारा, नसेल तर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा शोधा. बाटलीही त्यांच्याकडूनच घ्या. धातूंच्या नमुन्यात आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात.

२. सोमवारी सकाळचं पहिलं पाणी मुलांना देऊ नका. जुन्या पितळी तोट्या, डाग दिलेले जोड यांतून शिसं हळूहळू पाण्यात उतरतं. शनिवार-रविवार पाणी नळात साचून राहतं, तेव्हा ते जास्त उतरतं. थोडा वेळ नळ सोडा आणि ते पाणी झाडांना घाला.

३. निकाल आला की तो फळ्याशेजारी लावा, वहीत चिकटवा. पुढच्या वर्षीचा त्याखाली. मुलांना आलेख काढू द्या. तीन वर्षांच्या नोंदी असलेली वही घेऊन मुख्याध्यापक ग्रामपंचायतीत गेले तर त्यांचं म्हणणं वेगळ्या नजरेने ऐकलं जातं.

४. एक करू नका. मुलांच्या हातात शिशाचे किंवा पाऱ्याचे क्षार देऊन रंगाचे प्रयोग करू नका. विष ओळखायला शिकवताना विषच हाताळायला द्यायचं नसतं. आवळा आणि चहा पुरेसे आहेत.

एक सहकारी मला म्हणाले, "सर, आधीच अभ्यासक्रम संपत नाही, त्यात पालकांना कशाला घाबरवायचं?" त्यांची अडचण खरी आहे. पण शिशाच्या बाबतीत लहान मुलं आपल्यासारखी नसतात. पोटात गेलेलं शिसं त्यांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. त्याचा परिणाम लक्ष, स्मरण आणि शिकण्यावर होतो, म्हणजे थेट आपल्या वर्गावर. ज्या मुलाला आपण "लक्षच नसतं याचं" म्हणतो, त्याच्या पाण्याकडे आपण कधी बघितलंय का? प्रत्येक वेळी तेच कारण असेल असं नाही. पण एकदा तपासून घ्यायला काय हरकत आहे?

पालकहो, तुमच्यासाठी दोनच गोष्टी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. तुरटी फिरवून आणि टीसीएल टाकूनही या धातूंपासून सुटका झाली असं समजू नका. आणि कुणी मीटर बुडवून आकडा दाखवला तर भांडू नका, फक्त विचारा, "हे यंत्र शिसं ओळखतं का?" उत्तर काय येतं ते मुलांसमोर ऐका.

शेवटी त्या प्रदर्शनातल्या मुलाबद्दल. मी त्याच्या शिक्षकांना फोन केला आणि माझी चूक सांगितली. मग एका शनिवारी त्यांच्या शाळेत गेलो, सोबत खिळ्यांचं पाणी, चहा आणि लिंबं. लिंबू पिळल्यावर तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मग माझ्या यंत्रावरचं 'शुद्ध पाणी' खोडून काय लिहू?"

मी म्हटलं, "तूच ठरव."

त्याने पांढरी पट्टी चिकटवली आणि स्केचपेनने लिहिलं: "क्षार कमी आहेत. बाकीचं तपासायचं आहे."

पहिला क्रमांक मी त्याला आता दिला असता.